हिरवा पाइप आणि धोंडू मेस्त्री

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट शेवटपर्यंत ताणून ठेवायची आणि मग वाचणाऱ्याला रडवायचं, असली कला मला येत नाही. मी वायरमन. चाळीस वर्षं रत्नागिरीत लोकांच्या घरांत दिवे लावले, फ्यूज बांधले, मोटारी उघडून पुन्हा मिटल्या. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कधी आग लागली नाही, कोणी शॉक लागून मेला नाही. पण एक चांगला चालता माणूस मी बसवला. धोंडू पांचाळ त्यांचं नाव. सगळे त्यांना धोंडू मेस्त्री म्हणायचे. त्यांच्याबद्दल लिहायला दुसरं कोणी बसणार नाही, म्हणून हे कागद मी पुढे ओढलेत.

नाचणे रस्त्यावर हरिहर बापटांचा सुतारकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक कौलारू शेड, तीन बाजूंना जांभ्याच्या भिंती, चौथ्या बाजूला नुसती जाळी आणि दार, खाली चोपलेली जमीन. शाळांचे बाक, कचेऱ्यांची टेबलं, दारं, खिडक्या असं सगळं तिथे व्हायचं. आठ-नऊ माणसं कामाला. मी तिथला कायमचा नव्हतो. सकाळी मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात असायचो आणि जेवून दोन-अडीचच्या सुमारास बापटांकडे जायचो. हे दोन-अडीच ध्यानात ठेवा, कारण मला ते ठेवता आलं नाही.

धोंडू मेस्त्री चांदेराईहून पहिल्या एसटीनं यायचे. माणूस काटकुळा, बोलायला कंजूष, पण कामाला बसला की बघत राहावं. फणसाच्या लाकडाचा भुसा पिवळाधमक असतो. दुपारपर्यंत मेस्त्रींच्या भुवया, कानाच्या पाळ्या, मिशा सगळं पिवळं होऊन जायचं आणि तसेच ते भाकरी खायला बसायचे. बाकीचे लोक गुण्या लावून कोन बघत, पट्टी लावून जाडी मोजत. मेस्त्री तासलेल्या फळीवरून नुसता तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "हितं अर्धा सूत जास्ती हाय." कोणी खवचटपणे मोजून बघितलंच तर अर्धा सूतच, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, निघायचा. बापटांनी त्यांना रंध्याच्या मोठ्या मशीनवर ठेवलं होतं ते याच हातासाठी. फळी मशीनमधून काढायची, हात फिरवायचा, पुन्हा घालायची. ते मशीन म्हणजे मेस्त्रींची गादी होती म्हणा. तिथे दुसऱ्याला उभं राहू देत नसत.

फक्त खोकला होता. तीस वर्षं भुसा छातीत गेल्यावर तो असणारच. एसटीत त्यांच्या शेजारी माणसं बसायला नाखूश असायची, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत बापटांनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून भुसा ओढणारं मशीन आणलं. पिंपाएवढं धूड, वर मोटार, खाली पोतं, आणि मनगटापेक्षा जाड काळा पाइप. पाइपाच्या टोकाला पितळेचं तोंड. ते फळीजवळ धरलं की भुसा सूंऽऽ करत आत. दिवसाला पोतं दीड पोतं खायचं, म्हणून पोरांनी त्याला बकासुर नाव ठेवलं. मेस्त्रींना मात्र त्याचा फार लोभ. डाव्या हातात पाइपाचं तोंड, उजवा हात फळीवर, अशी त्यांनी कामाची नवी पद्धतच बसवली. महिन्याभरात खोकला निम्म्यावर आला. "आप्पा, सात वर्सांनी सलग झोपलो," असं ते मला म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं जास्त झालं की काय म्हणून लगेच कामाला लागले.

त्या काळ्या पाइपाच्या आतून एक बारीक तांब्याची तार गेलेली होती. तिचं एक टोक मशीनच्या लोखंडाला आवळलेलं, दुसरं पितळेच्या तोंडाला. मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तकही आलं होतं. ते बापटांनी टेबलाच्या खणात टाकलं. बापट बी.ए. होते, त्यांनी ते वाचलं नाही. मला इंग्रजी जेमतेम यायचं, पण चित्रं कळण्याइतकं नक्की यायचं. मीही उघडलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात ओंडके उतरवणारा टेम्पो मागे घेताना त्या पाइपावरून गेला आणि पाइप तीन ठिकाणी फाटला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बाक द्यायचे होते. मुंबईहून पाइप मागवायचा तर महिना जाणार. बापट डोकं धरून बसले. तेव्हा मी पुढे झालो. त्यांच्या आंब्याच्या बागेत पऱ्ह्यातलं, म्हणजे ओढ्यातलं, पाणी ओढायच्या पंपाला लावायचा हिरवा प्लास्टिकचा पाइप पडून होता. त्याचा तुकडा कापला, सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, वरून पट्टी आवळली. मशीन सुरू केलं. भुसा पहिल्यासारखा सूं करत आत.

बापटांनी स्वतःच्या हातानं मला चहा दिला. "आप्पा, तुम्ही इंजिनियर व्हायला हवे होतात," असं चारचौघांत म्हणाले. आठ दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. फाटक्या पाइपातली तांब्याची तार मी ओढून काढली. पाइप आकसू नये म्हणून घातली असेल, असं मीच मला समजावलं आणि घरी नेऊन रेडिओला एरियल म्हणून लावली. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

पावसाळाभर काही झालं नाही. पावसाळ्यात कोकणात हवाच ओली, भिंती ओल्या, माणसंही ओली. मार्गशीर्ष लागला आणि मतलई सुरू झाली. इथल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई म्हणतात. कोरडा असतो, ओठ फुटतात, दोरीवरचं धोतर तासाभरात वाळतं. दुपारी तो फिरतो आणि समुद्रावरून खारा, दमट वारा येतो. मग सगळं पुन्हा चिकट.

त्या डिसेंबरात एका दुपारी मी गेलो तर मेस्त्री मशीन सोडून माझी वाट बघत उभे.

"आप्पा, मशिनीत करंट उतरलाय. सकाळपास्नं चार डाव बसला."

"कुठे हात लावल्यावर?"

"बकासुराला नाय. हितं. रंध्याच्या लोखंडाला." त्यांनी मशीनच्या पाटाला बोट टेकवलं आणि पटकन मागे घेतलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. काहीच नाही. तेच चक्रावले.

मी टेस्टर काढला. दोन्ही मशीनना लावला, दिवा लागला नाही. अर्थिंग तपासलं, उत्तम होतं. मी म्हणालो, "मेस्त्री, इथे काही नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी मेस्त्रींना झटके, दुपारी माझ्या टेस्टरला काही नाही. आणि गंमत अशी की सकाळीसुद्धा दुसऱ्या कोणाला काही होत नव्हतं. गंगाराम नावाचा तरणा सुतार होता, त्यानं तासभर त्याच मशीनवर काम करून बघितलं. त्याला साधी मुंगीसुद्धा चावली नाही.

आता यातली खरी गोम सांगतो. आमच्याकडे सुतार हत्यारांच्या जागेत पायताण घालत नाहीत. वाकस, पटाशी, करवत यांची खंडेनवमीला पूजा होते. जिथे ती असतात ती जागाही तशीच. बापटांच्या शेडच्या दाराशी सगळ्यांच्या चपलांची रांग असे आणि आत सगळे अनवाणी. मला तेवढी माफी होती, कारण वायरमन रबरी चपलेशिवाय काम करत नाही. दुसरी माफी मेस्त्रींना. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या पायात खिळा गेला. साखरेचा आजार निघाला, जखम भरेना. डॉक्टरांनी दम भरला, पुन्हा अनवाणी चाललात तर पाय कापावा लागेल. पुतण्यानं मुंबईहून रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट आणून दिले. पहिल्या दिवशी ते घालून आत जाताना मेस्त्रींनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला होता, मी बघितलाय. पण लोकांना ते रुचलं नव्हतं.

"बुटं घालून हत्यारांत जातो. कोपणार नाय तर काय?" गंगाराम म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक दिवस गाऱ्हाणं घालायचं ठरलं. बापटांची हरकत नव्हती, नारळ त्यांनीच दिला. विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे रंध्याच्या मशीनला हळद-कुंकू लावलं. हरिश्चंद्र म्हणून म्हातारा पॉलिशवाला होता, त्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुज्या लेकराकडनं हत्यारांच्या जाग्यात पायताण पडलं आसंल, त्याची चूकभूल पदरात घे आनि त्याच्या मागं लागलेला ह्यो झटका दूर कर रे म्हाराजा." बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मेस्त्री बूट हातात घेऊन अनवाणी उभे होते.

पुढचे सहा दिवस ते अनवाणीच काम करत राहिले आणि सहा दिवस एकही झटका बसला नाही.

सातव्या दिवशी पायाची जखम पुन्हा फुटली. बूट चढवावे लागले. बूट चढवले त्या सकाळी झटका हजर.

झाला की नाही पुरावा? माझ्या डोळ्यांपुढे आणून ठेवला होता, ताटात वाढावा तसा. बूट घातले की बसतो, काढले की बसत नाही. त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या पोरांनी देवाच्या नावानं का होईना, पण बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आणि मी, आयटीआयचा सर्टिफिकेटवाला, खो खो हसलो. रबरानं शॉक लागत नाही, उलट वाचतो, हे मला शिकवलेलं. रबर घालणाऱ्यालाच लागतो हे कसं शक्य आहे? म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मेस्त्री, हे देवाचंही नाही आणि विजेचंही नाही. हे तुमच्या मनाचं आहे. माझा टेस्टर खोटं बोलत नाही."

मेस्त्रींनी खाली वाकून बुटाची नाडी आवळली. मग म्हणाले, "तुमी म्हणताय म्हंजे तसंच आसंल." त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून मला तेव्हा ते गोड लागलं.

त्यानंतर ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे नसा कमजोर होतात, हाताला झिणझिण्या येतात. लाल गोळ्या दिल्या. म्हणजे वायरमन म्हणतो मन, डॉक्टर म्हणतो नसा. मशीनला दोष द्यायला कोणीच उरलं नाही. मेस्त्री गोळ्या खायचे, बूट घालून उभे राहायचे आणि लोखंडाला हात लावायच्या आधी डोळे मिटायचे. झटका बसला तरी सांगेनासे झाले. सांगून काय उपयोग, असं त्यांनी ठरवलं असावं.

फेब्रुवारीत व्हायचं ते झालं. मेस्त्री एक जाड फळी मशीनमधून काढत होते. उजवा हात पाटाला लागला, झटका बसला, हात उडाला. फळी तिरकी झाली, पात्यानं ती मागे फेकली आणि पलीकडे वाकून काम करणाऱ्या गंगारामच्या मांडीवर बसली. हाड वाचलं. पण वीतभर जखम, रक्त, आरडाओरडा. मी दुपारी पोचलो तेव्हा गंगाराम इस्पितळात होता आणि मेस्त्री शेडच्या बाहेर ओंडक्यावर बसून होते. उजवा हात डाव्या हातानं धरून.

बापटांनी सगळ्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. मला म्हणाले, "आप्पा, एकदा शेवटचं सांगा. मशीनमध्ये दोष आहे का?"

मी पुन्हा टेस्टर लावला. दुपारचे तीन वाजले होते, खारा वारा सुटला होता. "नाही," मी म्हणालो.

"मग?"

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण नाही. हुशारीची खाज माणसाला गप्प बसू देत नाही. मी म्हणालो, "दोष हातांचा आहे. वय झालं, साखर आहे. मशीनवर ठेवू नका त्यांना, उद्या कोणाचा जीव जाईल."

हे मी मेस्त्रींच्या तोंडावर बोललो. त्यांच्याच काळजीनं बोललो, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो.

त्यांना मशीनवरून काढून काचकागद मारायला आणि सरस लावायला बसवलं. मशीनवर बरा झालेला गंगाराम उभा राहिला, अनवाणी. त्याला काही झालं नाही, त्यामुळे माझं म्हणणं पक्कं झालं. मेस्त्रींची एक नवीच सवय तेव्हा माझ्या नजरेत आली. कुठल्याही वस्तूला आधी ते बोटाचं उलटं पेर लावून बघायचे, मग हात. पाण्याच्या नळाला, दाराच्या कडीला, अगदी पितळी पेल्यालासुद्धा. आणि फळीवरून हात फिरवणं त्यांनी बंद केलं. कोणी विचारायला आलंच, "मेस्त्री, बगा ओ ही सारकी झाली काय?" तर म्हणायचे, "पट्टी लाव. हाताचं काय खरं नाय." हे ऐकून मला वाईट वाटलं होतं का? थोडं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, फार नव्हतं वाटलं.

मेस्त्री गणपतीच्या रजेवर गेले ते पुन्हा आले नाहीत. महिन्यानं बापटांनी माणूस पाठवला. निरोप आला, आता जमत नाही. मी स्वतः चौकशीला गेलो नाही. चांदेराई काही लंकेत नव्हती.

मधे एक अख्खा हिवाळा गेला. सत्याऐंशीच्या जानेवारीत बर्फाचा कारखाना दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद होता, म्हणून मी बापटांकडे सकाळीच गेलो. सकाळी नऊला त्या शेडमध्ये मी चार वर्षांत पहिल्यांदा उभा होतो. मतलई सुटली होती. बकासुराची मोटार हल्ली आवाज करते अशी तक्रार होती, ती ऐकायला मी मशीन चालू केलं आणि डाव्या हातात पाइप धरून सहज रंध्याच्या पाटावरचा भुसा ओढायला लागलो. कोपरापर्यंतचे केस उभे राहिल्यासारखे वाटले. मग मी उजवा हात पाटाच्या लोखंडावर टेकवला.

ठिणगी दिसली. निळी. कोपरापर्यंत कोणीतरी काठी मारावी तशी कळ गेली. पाइप हातातून पडला.

गंगाराम पलीकडून शांतपणे म्हणाला, "आप्पा, चपला काढा."

मी चपला काढल्या. पाइप धरला, लोखंडाला हात लावला. काही नाही. चपला घातल्या, पाइप धरला, हात लावला. पुन्हा तीच कळ. तीन वेळा करून बघितलं. चौथ्यांदा करायचं धाडस झालं नाही. मी भुशातच खाली बसलो. हरिश्चंद्र पॉलिश मारायचा थांबला होता, तो माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

हे काय आहे ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. हिरव्या पाइपाचा हातभर तुकडा कापून मी मुंबईला गेलो. नागदेवी स्ट्रीटवर पाइपांची दुकानं आहेत. एका दुकानात म्हातारा गुजराती विक्रेता होता. त्यानं तुकडा बघितला, कशाला वापरता ते विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"लाकडाचा भुसा ह्या पाइपमधून? आणि तार कुठे हाय?"

"काढली," मी म्हणालो.

"वा भाई. अरे, सुका भुसा प्लास्टिकला घासत जाते, त्यातून वीज पैदा होते. केसात कंगवा फिरवला तर कागद उचलते ना, तीच वीज. तार ती जमिनीत नेऊन टाकते. तार नाही तर ती माणसाच्या अंगात भरते. अनवाणी माणूस असला तर पायातून निघून जाते. रबर घातला असला तर कुठे जाणार? लोखंडाला हात लागला की फट्."

"टेस्टरवर दिसेल?"

"टेस्टर काय करणार? ती वायरमधली वीज थोडीच हाय. आणि हवा दमट असली तर तयारच होत नाही."

एवढंच होतं. पाच मिनिटांत संपलं. त्यानं आतून काळा पाइप काढला, तार असलेला. बरोबर पितळेचं तोंड, दोन्ही टोकांच्या पट्ट्या आणि तार अर्थिंगला जोडायचा चिमटा दिला. रत्नागिरीला येऊन मी तो बसवला, सकाळी नऊला रबरी चपला घालून तासभर चालवला. हात लोखंडावर ठेवून उभा राहिलो. शांत होतं सगळं. बापटांना सांगितलं. ते बराच वेळ खणातलं ते इंग्रजी पुस्तक चाळत बसले. चौथ्याच पानावर चित्र होतं, तार, चिमटा, सगळं. पुस्तक मिटून म्हणाले, "मेस्त्रींना सांगायला हवं. त्यांना म्हणावं, जागा तुमचीच आहे." ते खणात ठेवता ठेवता म्हणाले, "तुम्हीच जा."

रविवारी गेलो. एसटीतून उतरून मळ्याच्या बांधानं चालत त्यांच्या वाडीत. मेस्त्री पडवीत बसून झावळीचे हीर काढत होते, खराट्यासाठी. ज्या हातांनी बापटांकडे राहून निम्मी रत्नागिरी दारं-खिडक्यांनी सजवली ते आता खराटे बांधत होते. मला बघून उठले. त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, पाणी आणून ठेवलं. तांब्या घेताना मेस्त्रींनी आधी उलटं पेर लावलं. दीड वर्ष झालं होतं, अजून तसंच.

मी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही बोललो नाही.

"मेस्त्री, तुमचे हात बरे होते. पाइप वाईट होता. मी लावलेला."

मग मी सगळं सांगितलं. भुसा, तार, मतलई, बूट, सगळं. मधे थांबवलं नाही त्यांनी. संपल्यावर म्हणाले, "म्हंजे करंट व्हता."

"होता."

"पोरं म्हणत व्हती बुटं, त्ये खरं."

"हो."

"आनि तुमी म्हणत व्हता त्ये नाय."

"नाही. मी चुकलो, मेस्त्री."

त्यांनी हीर काढायचा कोयता बाजूला ठेवला. "जल्ला," एवढंच म्हणाले, नशिबाला शिवी द्यावी तसं. मग, "मी देवाचं नाय धरलं, आप्पा. तुमचं धरलं. म्हटलं, ह्ये शिकलेले हायत."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मला ते सोसलं असतं. मी घाईघाईनं म्हणालो, "बापटांनी बोलावलंय. जागा तुमचीच आहे. नवा पाइप बसवलाय, बूट घालून खुशाल उभे राहा."

सगुणाबाई दारात उभ्या होत्या, त्या बोलल्या. तोवर मी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"आता पाइप बसवलात व्हय? लेक बाळंतपणाला हितं आली, पोर जल्माला आली, सव्वा वर्साची झाली. ह्यांनी तिला एकदा उचलली नाय. एकदा नाय. बारशाला पाळण्यात घालायला सगळे म्हणतायत, आनि ह्ये परसात जाऊन बसले. म्हणं माज्या हाताचा भरवसा नाय, माज्या हातनं पडंल. गंगारामाला पाडला, तशी पाडीन." त्या उंबऱ्याबाहेर आल्या. "हात बरे व्हते म्हणताय. आता सांगताय?"

मेस्त्री म्हणाले, "गप गो. त्येंनी येऊन सांगितलं तरी."

तेवढ्यात आतून ती पोर बाहेर आली. नुकतं चालायला लागलेली, भिंतीला धरून धरून. मेस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या दोन्ही तळहातांकडे. ते पंचाला पुसले, आणि गुडघ्यांवर बसून हात पुढे केले.

"ये गो बाय. ये."

पोर थबकली. त्या हातांकडे बघून तिनं ओठ काढला, आणि वळून आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. सगुणाबाईंनी तिला पुढे ढकलायला बघितलं तर ती रडायलाच लागली.

"नको ढकलू तिला," मेस्त्री म्हणाले. हात मात्र त्यांनी मागे घेतले नाहीत, तसेच धरून राहिले. जराही थरथरत नव्हते. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मी खाली बघत होतो.

"तिला माजी सवय नाय, आप्पा," ते म्हणाले.